लाल दोऱ्याचं रुखवत

माझ्या धंद्याला धड नाव नाही. मंडप घालणाऱ्याला डेकोरेटर म्हणतात, नवरीचं तोंड रंगवणारीला ब्युटिशियन म्हणतात, झेंडूच्या माळा सोडणारासुद्धा हल्ली कार्ड छापून घेतो. मी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लग्नांत अर्धं आयुष्य रुखवत मांडलं, तेही भाड्याचं, आणि मला लोक म्हणाले 'रुखवतवाली आक्का'. एकदा एका हॉलच्या मॅनेजरने माझं नाव 'इतर' ह्या रकान्यात लिहिलं होतं. तिथे माझ्याबरोबर आइस्क्रीमवाला आणि घोडेवाला होता.

रुखवत म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. मुलीकडच्यांनी लाडू, चकल्या, रुखवताची भांडी आणि मुलीच्या हातची कलाकुसर टेबलावर मांडायची, आणि मुलाकडच्या बायकांनी नाकावर चष्मा चढवून ती बघायची. जुन्या काळी मुलगी वर्षभर बसून हे सगळं करायची. आताच्या मुली शिकतात, नोकरी करतात, लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत त्यांना रजा नसते. मग मुलीची आई माझ्याकडे यायची. लाडू त्यांचे, भांडी त्यांची, कलाकुसर माझी. मुलाकडच्यांनी रुखवत बघितलं, फोटो काढले, की लाडू आणि भांडी नवरीबरोबर सासरी आणि माझ्या वस्तू परत माझ्या पेटीत.

ही निवडानिवड गर्दीत, चारचौघांच्या नजरेसमोर करायची असते. म्हणून मी माझ्या प्रत्येक वस्तूच्या बुडाला लाल दोरा बांधायची. नवरीच्या भावाला आधी बाजूला घेऊन सांगायचं, "लाल दोरा दिसला की माझ्या पेटीत, दोरा नसला की पाहुण्यांच्या गाडीत." भाऊ हुशार असला तर काम चोख व्हायचं. नसला तर मी नवरीची मावशी होऊन स्वतःच आवराआवर करायची. अशा किती मुलींची मी मावशी झाले असेन ते मला माहीत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये माझा फोटो असलेली घरं ह्या पट्ट्यात पुष्कळ आहेत, आणि ही कोण म्हणून कोणी विचारलं तर घरात कोणालाच सांगता येणार नाही.

ह्या कामात दोन शब्द सारखे कानावर पडायचे. सजवणं आणि नटवणं. मी दोन्ही एकच समजत होते. त्यातला फरक मला कंग्राळीच्या परशाआप्पांनी सांगितला. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि ते भाव ठरवायला आले होते. बोलता बोलता त्यांनी बेंदराचं उदाहरण काढलं.

"बैल धुतला, शिंगं घासली, तेल लावलं, ही झाली सजावट," ते म्हणाले. "जे हाय तेच चांगलं दिसतंय. मग झूल घातली, बाशिंग बांधलं, फुगं लावलं, ते नटवणं. ते वरचं. वरचं कितीबी घाला, माझं काय म्हणणं न्हाय. पर झुलीखाली बैल पायजे. बैल नसला तर झूल कुणावर टाकतासा?"

मला वाटलं हे भाव पाडायचं लक्षण आहे. पण आप्पांनी एक पैसा कमी केला नाही. फक्त एक अट घातली. लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी ठेवली: 'हे रुखवत भाड्याचे आहे. मुलगी आमची आहे.' मुलीच्या आईने पदर तोंडाला लावला तो जेवणं होईपर्यंत काढला नाही. मुलाकडच्या बायका मात्र पाटीसमोर उभ्या राहून हसून हसून फोटो काढत होत्या, आणि त्या लग्नात रुखवतावरून एकही टोमणा कोणी मारला नाही. मी तेव्हाच शहाणी व्हायला हवं होतं. पण पुढच्या लग्नात मी पुन्हा कोणाची तरी मावशी झाले.

गमती फार झाल्या. बेळगुंदीच्या एका लग्नात मी साखरेचा किल्ला मांडला होता. सकाळी मांडला तेव्हा पांढराशुभ्र होता. दुपारी बघते तर बुरुजांवर काळी नक्षी आलेली. मुलाकडची एक आजी दुसरीला सांगत होती, "बघ गं, तीळ किती बारीक बसवल्यात." दुसरी जवळ वाकून बघायला लागली आणि तीळ चालायला लागले. मी किल्ल्यासकट टेबलक्लॉथ गोळा करून स्वयंपाकघरात पळाले, आणि रुखवतातला किल्ला आचाऱ्याच्या पाकात गेला. त्यानंतर मी खाण्याच्या पदार्थाची कलाकुसर बंद केली आणि सुपारीवर आले.

सुपारीचं वऱ्हाड ही माझी खरी कमाई. सुपारीची डोकी, तारेची अंगं, शिंप्याकडच्या चिंध्यांचे कपडे. नवरा घोड्यावर, नवरी मैत्रिणींच्या घोळक्यात, भटजी, करवली, बाटलीच्या बुचाचा ढोल वाजवणारा बँडवाला. प्रत्येकाला वेगळी बैठक, म्हणजे टेबलाच्या मापाप्रमाणे वऱ्हाड लांबवता येतं. आणि सगळ्यांच्या मागे, मंडपाकडे पाठ करून, काड्यापेटीच्या खुर्चीवर बसलेला रुसलेला मामा. तो मी ठरवून केला नव्हता. एका सुपारीला जन्मतःच खोक होती, तोंड काढलं तर खाली वाकलं. टाकून द्यायला जीव होईना म्हणून फेटा बांधून खुर्चीवर बसवला. लोक वऱ्हाड बघायचे आणि शेवटी सगळे मामापाशी थांबायचे. प्रत्येक घरात असा एक असतोच.

आता ज्या लग्नासाठी हे सगळं लिहायला बसले त्याकडे येते.

बेळगुंदीची अश्विनी. वडिलांची रताळ्याची शेती, मुलगी कॉम्प्युटरवर काम करणारी, घरातल्या घरात लॅपटॉप उघडून कुठल्याशा कंपनीचं काम करायची. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांकडचं स्थळ आलं. मुलगी बघायला मुलाची आई रत्नाक्का आल्या. त्यांनी शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. एवढंच विचारलं, "हातात कला हाय काय पोरीच्या?" अश्विनी तोंड उघडायच्या आत तिची आई कमळाबाई म्हणाल्या, "हाय की, लई हाय. दिवसभर कायतरी करतच असतिया." दिवसभर कायतरी करत असते हे खोटं नव्हतं.

मग कमळाबाई माझ्याकडे आल्या. सगळ्यांत चांगलं ते द्या म्हणाल्या. मी सुपारीचं वऱ्हाड दिलं.

लग्न झालं, रत्नाक्का रुखवतापाशी आल्या. ठेंगणी, गोरी, ठसठशीत बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. निपाणीची असल्यामुळे मराठीत कानडी आणि कानडीत मराठी. त्या वऱ्हाडासमोर उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. शेवटी मामापाशी आल्या आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"अय्यो, हा आमचा दत्तू न्हवं काय?"

दत्तू म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, दत्तूमामा. ते त्याच वेळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आहेराचा टॉवेल हलका दिला म्हणून, भिंतीकडे तोंड करून बसले होते. साखरपुड्यालाही केळीचं पान फाटकं आलं म्हणून असेच बसले होते. रत्नाक्कांना वाटलं, साखरपुड्यात एकदा बघितलं आणि पोरीने हुबेहूब मामा उतरवला.

"हे माझ्या सुनंच्या हातचं," त्या म्हणाल्या. "ह्येला कुणी हात लावायचा न्हाय. मी स्वतः मांडीवर घेऊन जाणार."

आणि घेऊन गेल्या. नवरीचा भाऊ माझ्याकडे बघत होता, मी कमळाबाईंकडे बघत होते, कमळाबाई मुलीला निरोप द्यायच्या निमित्ताने रडत होत्या. त्यांच्या रडण्यात वऱ्हाडाचा वाटा किती होता ते त्यांनाच माहीत. माझं सगळं वऱ्हाड, घोड्यासकट, हायवेने निपाणीला गेलं. माझ्या पेटीत मण्यांची एक तुळस तेवढी परत आली.

पुढच्या लग्नाची तारीख जवळ होती. गुंजीच्या लोकांनी वऱ्हाडाचे फोटो बघून खास मामासाठी ते ठरवलं होतं. शेवटी मी लाडवांचा डबा घेतला आणि अश्विनीची मावशी होऊन निपाणीची एसटी पकडली.

रत्नाक्कांनी दारातच माझे हात धरले. "या की, या. मावशीबाई आल्यात बघ गं." हॉलमध्ये काचेचं कपाट, आत माझं वऱ्हाड, आणि त्यावर सोडलेला बारका दिवा. त्या दिव्यात माझी नवरी मला पहिल्यांदाच एवढी देखणी दिसली. रत्नाक्का मला माझीच कारागिरी समजावून सांगायला लागल्या. घोडा कापसाचा असावा म्हणाल्या. तो लोकरीचा होता. मी मान डोलावली.

"आणि हे बघा." त्यांनी भटजी उलटा केला. बुडाला माझा लाल दोरा. "परत्येकाला बांधलाय. दृष्ट लागू नये म्हणून. आजकालच्या पोरींना एवढं कोण शिकवतंय? संस्कार म्हंत्यात ते हेच."

मी काही बोलायच्या आत त्यांनी मला घर दाखवायला घेतलं. फ्रिजच्या पायाला लाल दोरा. मिक्सरला लाल दोरा. टीव्हीला, शिवणयंत्राला, दारातल्या स्कूटरच्या हँडलला. सासऱ्यांच्या चष्म्याच्या काडीलाही एक होता, आणि ते बिचारे पेपर वाचताना तो कानामागे सारत होते. शेजारच्या बायकांनीही सुरू केलंय म्हणाल्या. येताना गल्लीत दोन-तीन मोटरसायकलींना दोरे दिसले होते ते मला आठवलं. माझ्या धंद्याची खूण निपाणीत देवधर्म होऊन बसली होती.

स्वयंपाकघरात अश्विनीने मला कोपऱ्यात गाठलं. पोरीचा चेहरा उतरला होता.

"आक्का, मला वाचवा. गौरीला आरास करायचीया. सासूबाईंनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलंय, माझी सून हातानं करणार. मला कागद सरळ कापाय येत न्हाय."

"मग सांगून टाक की खरं."

"कसं सांगू? रोज सकाळी उठून त्या कपाटाचा दिवा लावत्यात. माझ्यावर एवढा जीव कुणी लावला न्हवता ओ. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मी वऱ्हाड मागायला आले होते. मागितलं असतं तर त्या पोरीचं सासरचं सुख मी पेटीत भरून नेलं असतं. मी लाडवांचा रिकामा डबा घेऊन परत आले. गुंजीसाठी दुसरं वऱ्हाड घाईत केलं. मामा काही केल्या जमला नाही, तशी खोकेची सुपारी पुन्हा मिळाली नाही. गुंजीकर नाराज झाले. पण त्यांच्या लग्नात मुलाचा खराखुरा मामा गाडीत पुढची सीट दिली नाही म्हणून स्टेशनवर जाऊन बसला, त्यामुळे माझ्या मामाची उणीव भासली नाही.

पंचमीला अश्विनी माहेरी आली तेव्हा मी बेळगुंदीला जाऊन तिला शिकवायला बसले. गौरी माहेरी येतात त्याची सुपारीची मिरवणूक करायची ठरवली. मी आजवर शिकवलेल्यांत ही सगळ्यांत कठीण. कॉम्प्युटरवर हिची बोटं उंदरासारखी पळायची, सुई हातात घेतली की तीच बोटं पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी अवघडून बसायची. तिची पहिली गौर हवालदारासारखी दिसत होती. दुसरीचे डोळे दोन दिशांना. तोंड काढायला घेतलं की हमखास खाली वाकायचं. मी तीन वेळा म्हटलं, सोड, मी करून देते. तिन्ही वेळा ती म्हणाली, "नको, आक्का. एकदा झालं तेवढं पुरे." परशाआप्पांची झूल आणि बैल मला तेव्हा आठवले, पण पोरीला सांगितले नाहीत. तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

गौरीच्या दिवशी मला आमंत्रण होतं. मावशी म्हणून. मी गेले तेव्हा हॉल बायकांनी भरलेला. गौरीसमोर अश्विनीची मिरवणूक. फुलं छान होती, दिवे छान होते, आणि मधोमध सुपारीच्या गौरी एकमेकींशी भांडण झाल्यासारखी तोंडं करून माहेराला निघाल्या होत्या. शेजारीच कपाटात, दिव्याखाली, माझं वऱ्हाड. एवढ्या जवळ दोन्ही ठेवलेली बघून मी दाराजवळची जागा धरली.

बायका आरास बघत होत्या, मग कपाट बघत होत्या, मग पुन्हा आरास. शेवटी समोरच्या घरच्या एकीला राहवलं नाही. "लग्नातलं लई सुबक हाय, न्हाय? हे जरा घाईत झालेलं दिसतंय."

रत्नाक्कांनी सुनेकडे बघितलं. त्यांना वाटलं असणार, पोर म्हणेल वेळ मिळाला नाही. मलाही वाटलं, म्हणावं. अश्विनी हातातलं आरतीचं ताट खाली ठेवून उभी राहिली.

"घाईत न्हाय झालं. महिनाभर करालते. ते कपाटातलं माझं न्हवं. ते ह्या आक्कांचं, भाड्यानं आणलेलं. हे माझं."

 सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मावशी नव्हते.

रत्नाक्का पुढे झाल्या, आराशीतली एक गौर उचलली, उलटी केली. "ह्येला दोरा न्हाय."

"न्हाय," अश्विनी म्हणाली. "दोरा भाड्याच्या वस्तूला असतोय. लग्नात बदलू नये म्हणून."

रत्नाक्का गौर हातात घेऊन खाली बसल्या. त्यांची नजर टीव्हीवर गेली, मग शिवणयंत्रावर, मग नवऱ्याच्या चष्म्यावर. "म्हंजे आमचं सगळं घर भाड्याचं झालं व्हय?" कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पदरात तोंड लपवलं. ज्यांच्या मोटरसायकलींना दोरे होते त्यांना हसू येत नव्हतं.

"मला का सांगितलं न्हाईस गं?" रत्नाक्कांनी सुनेला विचारलं. रागाने नाही, रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्ही रोज दिवा लावतासा," अश्विनी म्हणाली आणि रडायला लागली.

त्या वेळी दारातून दत्तूमामा आले. ते रोज संध्याकाळी यायचे, कपाटासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि स्वतःला बघायचे. सहा महिन्यांत एकदाही रुसले नव्हते, कशासाठी रुसायचं, एवढा मान कुठे मिळाला होता. कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्यापुढे आले.

"बाई, हा तुम्ही केला?"

"मी केला."

"मला बघून?"

खरं सांगायची वेळ आहे हे मला कळत होतं, आणि खोटं बोलावं असंही फार वाटत होतं. "न्हाय ओ. तुम्हाला बघायच्या आधीचा हाय तो."

"म्हंजे हा मी न्हवं?"

मी नाही म्हटलं. दत्तूमामांचं तोंड आधी वाकलं, मग मान वाकली. त्यांनी खुर्ची उचलली, गौरीकडे पाठ करून भिंतीशी ठेवली आणि फेटा तिरका झालेला तसाच ठेवून तीवर बसले. कपाटातल्या मामात आणि त्यांच्यात आता फरक होता तो फक्त मापाचा.

आधी अश्विनी रडता रडता हसली. मग समोरची बाई. मग रत्नाक्कांच्या पोटातून असं हसू आलं की त्यांचं कुंकू घामाने पसरलं. "अय्यो देवा, अरे दत्तू, तू न्हाईस म्हंत्यात आणि हा बघ की तूच," त्या म्हणत होत्या, आणि दत्तूमामा भिंतीकडे बघतच म्हणाले, "मला कुणी बोलू नका."

आरती झाली, जेवणं झाली. मी निघताना रत्नाक्कांनी माझं वऱ्हाड स्वतः पेटीत भरलं, एकेक करून, जुन्या पातळाच्या घड्यांत. कपाट रिकामं झालं तसं त्यात अश्विनीच्या भांडकुदळ गौरी नेऊन ठेवल्या आणि दिवा लावला. त्यांनी ठेवताना एकीचं डोकं निखळलं, ते त्यांनीच चिकटवलं, थोडं तिरपं.

शेवटी हातात मामा राहिला. "ह्यो ऱ्हाऊ दे काय? दत्तू उद्या आला की बघील. ह्येच्याबिगर तो रुसवा सोडणार न्हाय." पैसे किती म्हणून त्या विचारू लागल्या ते मी ऐकून घेतलं नाही.

एवढ्या वर्षांत माझ्या वस्तू किती मांडवांत गेल्या. त्यांच्यासमोर मुली सासरी गेल्या, आया रडल्या, फोटो निघाले, आणि संध्याकाळी सगळं पुन्हा माझ्या पेटीत आलं. मी केलेलं कोणाच्या घरात राहिलं नाही. मला ते खुपत होतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीतही नव्हतं. आता बोटं थरथरतात, पेटी माळ्यावर गेली आहे, आणि निपाणीच्या त्या गल्लीत अजून काही जणांच्या गाडीला लाल दोरा आहे असं ऐकते. खरं कळूनही त्यांनी काढला नाही. बांधलाय तर असू दे म्हणाले.

मी "ऱ्हाऊ दे" म्हटलं तेव्हा रत्नाक्कांनी मामा उलटा केला. बुडाचा लाल दोरा दातात धरून तोडला, फुंकर मारून बैठक पुसली आणि त्याला परत कपाटात, दिव्याखाली, भांडणाऱ्या गौरींच्या मागे बसवला.

"आता हा आमचा," त्या म्हणाल्या.